लेखणीभोवतालचा ऐवज

कोकणातले जुने घर मोडायला काढले की त्याच्या मालाचा निकाल ठरलेल्या क्रमाने लागतो. सागवानी खांब, तुळया आणि कोरीव दारे यांना गिऱ्हाईक आधी मिळते. तांब्यापितळेची भांडी वजनावर जातात. कौले दुसऱ्या कुणाच्या गोठ्यावर चढतात. आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक, तिच्यातल्या वह्या, जमाखर्चाची बाडे, कुणा पणजोबांचे उतरते मेज, त्याच्या खणातल्या दौती व टाक यांची पाळी सर्वांत शेवटी, बहुधा रद्दीवाल्याच्या काट्यावर येते. ज्या जिल्ह्याच्या भूमीतून टिळक, केशवसुत, साने गुरुजी आणि पां. वा. काणे निघाले, त्या रत्नागिरीत हे घडावे ही विसंगती खरी. पण ती आजची नाही. लेखन डोक्यावर घ्यायचे आणि ते ज्या जागी, ज्या साधनांनी, ज्या अडचणींत झाले त्यांचा पुरावा उकिरड्यावर टाकायचा, अशी आपली शतकांची रीत आहे. लिहिण्याची साधने जेव्हा जेव्हा बदलली तेव्हा तेव्हा या रीतीचा दंड पुढच्या पिढीला भरावा लागला. सध्या आपण तशाच एका बदलातून जात आहोत आणि दंडाची रक्कम मागच्या कोणत्याही वेळेपेक्षा मोठी असण्याची चिन्हे आहेत.

मराठी लेखनाशी जोडलेली एक फार जुनी वस्तू दगडाची आहे. शके 1212 मध्ये, म्हणजे इसवी सन 1290 च्या सुमारास, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली असे परंपरा मानते, तो ‘पैस’ खांब आजही पूजेत आहे. त्या खांबावर एक लेख कोरलेला आहे. तो ज्ञानेश्वरांविषयी अवाक्षर काढत नाही, देवळातल्या दिव्यासाठी दिलेल्या तेलाच्या दानाची नोंद करतो. म्हणजे ज्या वस्तूला आपण ग्रंथाची साक्षीदार म्हणून हात जोडतो, तिची स्वतःची साक्ष उजेडाच्या खर्चाची आहे. इतिहासाच्या दृष्टीने ही साक्ष फार मोलाची म्हटली पाहिजे. आणि ज्याने ते शब्द प्रत्यक्ष उतरवून घेतले त्या सच्चिदानंदबाबांची लेखणी, शाई, बैठक यांतले काहीच उरले नाही. उरले ते केवळ नाव, तेही ग्रंथातच नोंदले गेले म्हणून. बोलणाऱ्याचा खांब राहिला, लिहिणाऱ्याचा बोरू गेला, हा क्रम पुढे पुन्हा पुन्हा दिसतो.

त्यानंतर सुमारे पावणेचारशे वर्षांनी एका संताने लिहिण्याच्या साधनांवर एक अख्खा समास खर्च केला, याचा विसर आपल्याला का पडावा हे कोडेच आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा सरळ राहाव्यात, बोरू निरनिराळ्या प्रदेशांतून आणून कसे जमवावेत, सुरी, कातर आणि रेखणी हाताशी कशी असावी, हिंगूळ संग्रही कसा ठेवावा, याची समर्थांनी एखाद्या कारखानदाराच्या काटेकोरपणाने यादी दिली आहे. तिच्यातली एक सूचना तर अशी, की कागदाच्या चारी बाजूंना जागा मोकळी सोडून मधोमध लिहावे, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. कागद झडणारच, प्रश्न एवढाच की झडताना काय न्यायचे आणि काय ठेवायचे हे आधी ठरवले आहे की नाही, हा विचार ज्या डोंगराळ मुलखात पाऊस चार महिने भिंतींतून झिरपतो तिथे वावरणाऱ्या माणसाला सुचला, हे स्वाभाविक होते. विरक्त माणसाने सुरी-कात्रीची फिकीर करावी याचे आज नवल वाटते, कारण मधल्या काळात आपण लेखनाला प्रतिभेचे देणे मानू लागलो आणि त्यातला हातकामाचा भाग कारकुनाकडे सोपवून मोकळे झालो.

कारकुनांनी मात्र तो भाग निष्ठेने सांभाळला. मराठेशाहीच्या दफ्तरांतली बैठक, कलमदान, शाई टिपायची बारीक वाळू, कागद बांधायचे रुमाल, रुमालात घालायचे वेखंडाचे तुकडे हे सारे एका पक्क्या व्यवस्थेचे भाग होते. काजळापासून केलेली ती शाई दोनतीनशे वर्षांनी आजही काळीभोर दिसते. सत्ता गेली, बोरूच्या जागी टाक आला, छापखाना आला, आणि ज्या घरांत ही दफ्तरे होती त्यांना त्यांचा उपयोग उरला नाही. वि. का. राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये काढून पुढे बावीस खंडांपर्यंत पोचले. त्यासाठी त्यांनी गावोगावचे माळे धुंडाळले, आणि वाळवी, पाऊस व मालकांची अनास्था यांनी मिळून किती गिळले होते याचा संताप त्यांच्या लेखनातून जागोजाग उसळतो. त्यांच्या वाट्याला आलेला दुसरा अडथळा अधिक खोल होता. कागद शाबूत असला तरी तो मोडीत होता, आणि मोडी वाचणारे हात दशकागणिक कमी होत होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून बाहेर पडली तेव्हा महाराष्ट्रातल्या लाखो घरगुती कागदांवर कुलूप पडले, आणि त्याची किल्ली आज मोजक्या जाणकारांकडेच आहे. वस्तू राहते, वाचणारा जातो: या प्रकारच्या नाशाकडे आपण अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

रत्नागिरीच्या बाबतीत एक श्रेय न विसरता द्यायला हवे. या शहरात 1828 साली वाचनालय निघाले; महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक वाचनालयांत त्याची गणना होते. ज्या साली ते निघाले त्या साली बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ अजून चार वर्षे दूर होते. म्हणजे पुस्तक एका माणसाच्या पेटीतून काढून सर्वांच्या कपाटात ठेवण्याची कल्पना इथे मराठी वृत्तपत्राच्याही आधी रुजली. पण छापील पुस्तक सर्वांचे झाले तरी लिहिणाऱ्याचे टेबल खाजगीच राहिले, आणि पुष्कळदा ते नव्हतेच. गणपतीपुळ्याशेजारच्या मालगुंडला 1866 साली जन्मलेले कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, शिक्षणासाठी व नोकरीसाठी बडोदे, नागपूर, पुणे, मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड असे आयुष्यभर फिरत राहिले. 1905 च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले. आणि त्यांच्या कवितांचा संग्रह हरि नारायण आपट्यांच्या खटपटीने निघायला मृत्यूनंतर आणखी दहाबारा वर्षे लागली. आधुनिक मराठी कवितेचा पाया घालणाऱ्या माणसाची स्वतःची म्हणावी अशी लिहिण्याची जागा कोणती, या प्रश्नाला मालगुंड हे उत्तर श्रद्धेचे आहे, भूगोलाचे नाही. बिऱ्हाडे बदलणाऱ्या शाळामास्तराबरोबर जेवढे जाऊ शकते तेवढेच त्याच्याजवळ असणार. आणि त्याच्या कवितेतली अस्वस्थता त्या बिऱ्हाडांशी अगदीच असंबद्ध होती असे मानण्याचे कारण नाही.

यानंतरचे साल 1910. रत्नागिरीच्या इतिहासात हे साल इतके दाटीवाटीचे आहे की त्यावर थोडे थांबणे भाग आहे.

त्या वर्षी शहराच्या टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून, एक वाडा बांधून पुरा झाला. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून रत्नागिरीत नजरकैदेत होता. चोवीस वर्षांनी सरकारने त्याला जांभा दगडाचा, सागाचा, रंगीत काचांचा हा निवास दिला. त्याच वर्षी, ज्या मंडाले शहरातून थिबाला उचलून आणले होते त्याच मंडालेच्या तुरुंगात, रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक हिवाळ्याच्या सुरुवातीला ‘गीतारहस्य’ लिहायला बसले आणि उन्हाळा लागायच्या सुमारास त्यांनी ते लिहून संपवले. साम्राज्याने दोन माणसांची अदलाबदल केली होती. एकाला राजवाडा मिळाला, दुसऱ्याला लाकडी फळ्यांची कोठडी. थिबाने रत्नागिरीत लिहिले ते मुख्यत्वे तनख्याचे, कर्जाचे आणि हरवलेल्या माणकांचे अर्ज. 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला.

टिळकांच्या त्या बैठकीचा तपशील आपल्याला बराच ठाऊक आहे, आणि तो त्यांनीच ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिला म्हणून ठाऊक आहे. सुटे कागद मिळत नसत. बांधीव कोऱ्या वह्या मिळत आणि त्यांची पाने मोजून त्यांवर आकडे घातलेले असत, म्हणजे एकही पान गुपचूप बाहेर जाऊ नये. शाई मिळत नसे. शिसपेन्सिली तेवढ्या, त्याही छिलून दिलेल्या. या नियमांमागे हेतू उघड होता, पण परिणाम उलटाच झाला. आकडे घातलेल्या पानांमुळे ग्रंथाची जुळणी आपोआप राखली गेली. पेन्सिलीचे शिसे शाईसारखे पाण्याने पसरत नाही, उजेडाने उडत नाही. म्हणजे दस्तऐवज टिकवण्याच्या कामी आजचा एखादा अभिलेखपाल जी दक्षता घेईल तिच्यातली निम्मी मंडालेच्या तुरुंगाधिकाऱ्याने शिक्षा म्हणून घेऊन ठेवली होती. 1914 मध्ये सुटका झाली तेव्हा वह्या तपासणीसाठी सरकारने ठेवून घेतल्या आणि काही काळाने परत केल्या. ग्रंथ 1915 मध्ये छापून निघाला.

कोठडीचे काय झाले, तेही पाहावे. मंडालेच्या त्याच तुरुंगात 1925 च्या सुमारास सुभाषचंद्र बोस बंदीवान होते, आणि टिळक राहिलेल्या त्या लाकडी पिंजऱ्यात थंडी, ऊन, धूळ यांपासून कोणताही आडोसा नव्हता हे त्यांनी लिहून ठेवले. पुढे दुसऱ्या महायुद्धात, 1945 च्या मार्चमध्ये, मंडालेच्या किल्ल्यातला थिबाचा मूळ राजवाडा जळून खाक झाला. त्यातले सिंहासन वाचले, कारण इंग्रजांनी ते कधीच कलकत्त्याच्या संग्रहालयात नेऊन ठेवले होते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर 1948 मध्ये ते परत गेले. लुटून नेलेले वाचले आणि जागच्या जागी राहिलेले जळाले, अशा विचित्र न्यायाची उदाहरणे इतिहासात थोडी नाहीत. रत्नागिरीतला कैदेचा वाडा मात्र उभा आहे, त्यात संग्रहालय आहे आणि पर्यटक छायाचित्रे काढतात. ज्या जागेत मराठीतला एक महाग्रंथ लिहिला गेला तिची माहिती आपल्याला मिळते ती दोन कैद्यांनी केलेल्या लेखी नोंदींतून. एकही फळी त्यासाठी लागली नाही. या लेखाचा सारा मुद्दा या एका वस्तुस्थितीवर उभा आहे.

त्याच 1910 च्या डिसेंबरात विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप झाली आणि त्यांच्या बाबतीत साधनांचा प्रश्न आणखी टोकाला गेला. अंदमानात कागद-पेन्सिलही नव्हती, तेव्हा भिंत हाच कागद झाला आणि काटा किंवा खिळा ही लेखणी. भिंतीवर चुन्याचा हात फिरला की ओळी जात, म्हणून त्या आधीच पाठ करून ठेवायच्या. 1924 ते 1937 ही तेरा वर्षे ते रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि अंदमानच्या त्या हकिगती त्यांनी इथे राहून लिहिल्या, म्हणून त्या भिंतीविषयी आपल्याला काही कळते. त्यांच्या राजकीय विचारांशी सहमत असणारे आणि नसणारे दोघेही या गोष्टीवर एकमत होतील, की स्मरणशक्तीला दौतीचे काम करायला लावणारी परिस्थिती ही साहित्याच्या इतिहासाची बाब आहे आणि तिची नोंद राहिली नसती तर त्या कवितांची घडणही समजली नसती.

दापोली तालुक्यातल्या पालगडचे साने गुरुजी हे या मालिकेतले सर्वांत निरलस उदाहरण. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. नेवाशाला सच्चिदानंदबाबांनी जे केले तेच साडेसहाशे वर्षांनी पुन्हा घडले, फरक एवढाच की या वेळी लिहून घेणारा स्वतः मोठा लेखक होता आणि तरीही लेखनिकाच्या जागी बसायला त्याला कमीपणा वाटला नाही. पुढच्याच वर्षी, 1933 च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात दिवसभराची कामे आटोपून अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहिला. पालगडची शाळा, पडवी, नदी, आईचे स्वयंपाकघर हे सारे त्या पुस्तकात आहे, पण लिहिताना यांतली एकही गोष्ट समोर नव्हती. लेखकाच्या भोवती कोणत्या वस्तू होत्या हे जितके महत्त्वाचे, तितकेच कोणत्या नव्हत्या हेही. अभावानेच कोकण इतके स्पष्ट दिसले असावे, असा तर्क करायला श्री. ना. पेंडशांचेही उदाहरण आहे: मुर्डीत जन्मलेल्या या कादंबरीकाराने आयुष्याची बरीच वर्षे मुंबईत बेस्टमध्ये नोकरी केली आणि ‘गारंबीचा बापू’चे जग त्या शहरात बसून उभे केले.

साने गुरुजींनीच आणखी एक काम केले, ज्याकडे लेखनसाधनांच्या चर्चेत कुणी वळून पाहत नाही. त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. या ओव्यांची रचना जिथे झाली ती जागा म्हणजे पहाटेचे जाते. दोन हातांचा खुंटा, पिठाची घरघर, शेजारी बसलेली जाऊ किंवा नणंद, आणि घरातले इतर जागे व्हायच्या आधी मिळणारी तासाभराची मोकळीक: मराठीतल्या सर्वांत मोठ्या काव्यराशीची ही बैठक होती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या संकलनात अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांचे कष्ट वाचले, ही आनंदाचीच गोष्ट. पण जाते थांबले तसे त्याच्याभोवतीचे काव्यही थांबले. आज हॉटेलांच्या अंगणात शोभेसाठी मांडलेली जाती पाहायला मिळतात. त्यांच्याजवळ कुणी पाटी लावून ‘येथे कविता होत असे’ असे लिहिलेले नाही, आणि लिहायला हवे होते.

लेखकाची जागा बहुतेक वेळा पोटाच्या जागेला लागून असते. चिं. त्र्यं. खानोलकर, म्हणजे आरती प्रभू, वडिलांच्या पश्चात कुडाळला खाणावळ चालवत. कुडाळ तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते, 1981 मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला. गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांच्या हिशेबाच्या मधल्या वेळात ते कविता लिहीत, आणि त्यांतली एक 1954 मध्ये एका मित्राने ‘सत्यकथे’कडे धाडली. एकीकडे आमटी-भाताचा हिशेब, दुसरीकडे ‘जोगवा’तला कवी. थिबाच्या वाड्यातल्या रंगीत काचांपेक्षा या गल्ल्याच्या ड्रॉवरने मराठीला अधिक दिले, एवढे म्हटले तरी अन्याय होणार नाही. मात्र यावरून दारिद्र्य किंवा तुरुंग साहित्याला पोषक असतो असा निष्कर्ष काढणारे लोक आहेत, त्यांच्याशी आमचा सहमतीचा हिशेब जुळत नाही. जे लिहिले गेले तेच आपल्याला दिसते. गल्ल्यावर, चुलीपाशी, पहाऱ्याखाली जे लिहायचे राहून गेले त्याची मोजदाद कोण करणार?

स्वातंत्र्यानंतर आपण स्मारके उभारली, आणि काही चांगली उभारली. रत्नागिरीचे टिळकांचे जन्मघर राज्याच्या पुरातत्त्व विभागाने जपले आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने मालगुंडला केशवसुतांचे स्मारक केले. 1994 मध्ये ते कुसुमाग्रजांच्या हस्ते खुले झाले आणि खेड्यातले ते कौलारू घर मराठी कवितेचे तीर्थ ठरले. तरी स्मारकाची प्रेरणा कृतज्ञतेची असते आणि कृतज्ञता उशिरा जागी होते. तोवर वस्तू पांगलेल्या असतात. मग त्या काळच्या वस्तूंसारख्या वस्तू मांडाव्या लागतात. रशियात यास्नाया पोल्याना येथे टॉलस्टॉयच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी सोफिया हिने घरातल्या सामानाची तपशीलवार यादी केली. 1921 मध्ये घराचे संग्रहालय झाले. 1941 च्या हेमंतात जर्मन फौजा जवळ आल्या तेव्हा तिथल्या लोकांनी सामान भरून दूर सायबेरियात तोम्स्कला हलवले, आणि युद्ध संपल्यावर ते परत आणून जागच्या जागी लावले. कोणते काय आणि कुठले हे लिहिलेले होते म्हणून ‘जागच्या जागी’ या शब्दांना अर्थ राहिला. आपल्याकडे भावना याहून कमी नाही. यादी कमी आहे.

आणि आपला शत्रू दरवर्षी येतो. रत्नागिरीत पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बुरशी, कसर, वाळवी आणि खाऱ्या हवेतला गंज यांना सुट्टी नसते. 2021 च्या 22 जुलैला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात घुसले, तेव्हा 1864 मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही ते शिरले आणि ग्रंथांची हानी झाली. त्या वाचनालयाने पुन्हा उभे राहण्याची जी जिद्द दाखवली ती वंदनीय आहे. पण छापील पुस्तक भिजले तर दुसरी प्रत कुठे तरी असते. घराघरांतल्या ट्रंका त्या दिवशी भिजल्या, त्यांत काय होते याची कोणतीही नोंद नसल्यामुळे काय गेले हेदेखील कधीच कळणार नाही.

आता प्रश्न आजच्या लेखकाच्या टेबलाचा. त्यावर दौत नाही, टाक नाही. टाइपरायटरचे उत्पादन गोदरेजनेही 2010 च्या आसपास थांबवले. एक संगणक, बहुधा एक मोबाइल, एवढाच संसार. 1990 नंतरची दहापंधरा वर्षे मराठी लेखक, वृत्तपत्रे, दिवाळी अंक श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा निरनिराळ्या प्रणालींत मजकूर बसवत होते. प्रत्येकीची अक्षरमांडणी वेगळी. युनिकोड रुळले आणि त्या प्रणाली मागे पडल्या. आज त्या काळातली फाइल मूळ फाँट नसलेल्या संगणकावर उघडली तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटते, आणि तीही फ्लॉपी किंवा सीडी शाबूत असली आणि ती वाचणारे यंत्र सापडले तर. मोडीचे कुलूप पडायला काही पिढ्या गेल्या होत्या. हे कुलूप वीस वर्षांत पडले. मोडीच्या कागदाला निदान पाहता येत होते, त्यावरची खाडाखोड, समासातली टीप, बदललेली शाई दिसत होती. संगणकावर नवा मसुदा बहुधा जुन्याच्या जागीच लिहिला जातो आणि जुना मुद्दाम राखला नाही तर दिसेनासा होतो; कवीने शब्द का बदलला, कोणता खोडला, हे सांगणारे मग फारसे काही मागे राहत नाही. अंदमानच्या भिंतीवर चुना फिरवायला पहारेकरी लागत असे. हा चुना लेखक स्वतःच, रोज, सवयीने फिरवतो.

नव्या साधनांवर राग धरण्याचे कारण नाही. छापखाना आला तेव्हाही शास्त्रीपंडितांनी नाके मुरडली होती आणि ते चुकले होते. प्रत्येक साधनाबरोबर आधीच्या साधनाची नोंद करून ठेवण्याचे काम मात्र येते, आणि ते काम बोरू जाताना झाले नाही, मोडी जाताना झाले नाही, जाते जाताना झाले ते फार उशिरा.

ते या वेळी करता येण्यासारखे आहे आणि त्यासाठी नवी इमारत लागत नाही. रत्नागिरीच्या नगर वाचनालयाला 2028 मध्ये दोनशे वर्षे पुरी होतील. द्विशताब्दीला सत्कार, शाली आणि स्मरणिका होतीलच. त्यांच्याबरोबर एक नोंदवही व्हावी. जिल्ह्यातल्या नऊ तालुक्यांतल्या लिहित्या घरांत, मग तो ग्रंथकार असो, कीर्तनकार असो, नमन-खेळ्यांची पदे रचणारा असो वा जमाखर्चाच्या वहीच्या मागच्या पानांवर रोजनिशी लिहिणारी आजी असो, काय उरले आहे याची यादी: वस्तू कोणती, कुणाची, कोणत्या सालातली, तिच्यावर बसून वा तिच्या उजेडात काय लिहिले गेले, आणि आज ती कुणाच्या ताब्यात आहे. वस्तू घरातच राहू द्यावी. नोंद मात्र वाचनालयात असावी, एक प्रत चिपळुणात आणि एक मालगुंडला, कारण एका जागी ठेवलेल्या गोष्टीचे काय होते हे मंडालेने आणि वाशिष्ठीने दाखवले आहे. लिहिणाऱ्यांनी जुन्या फाइली युनिकोडात आणून घ्याव्यात आणि प्रत्येक पुस्तकाचा निदान एक मसुदा कागदावर काढून, त्यावर तारीख घालून ठेवावा, समास सोडून. आणि ज्यांनी यंदा घर मोडायला काढले आहे त्यांना विनंती इतकीच, की खांबांचे गिऱ्हाईक ठरवण्याआधी माळ्यावरची ट्रंक खाली उतरवा आणि रद्दीवाल्याच्या आधी वाचनालयाला निरोप पाठवा.